‘कळते पण वळत नाही’ : आरोग्य मानसशास्त्राच्या दृष्टीतून क्षयरोगोपचाराचे वर्तन

प्रस्तावना :

‘कळते पण वळत नाही’ हा वाक्प्रचार आपण विद्यार्थ्यांविषयी, घरच्यांविषयी आणि क्वचित स्वतःविषयीही वापरतो. तळहातावर तंबाखू मळणाऱ्याला तिचे दुष्परिणाम ठाऊक असतात. मधुमेही गृहस्थाला लग्नाच्या पंगतीत जिलेबीचे ताट पुढे सरकवताना पथ्य आठवत असतेच. तरीही कृती मात्र ज्ञानाच्या उलट दिशेने होते. या वाक्प्रचारात एक निवाडाही दडलेला आहे. ज्ञान होते, संधी होती, कमी पडला तो माणसाचा निग्रह, असा तो निवाडा होय.

आपल्या महाविद्यालयांतून साजरे होणारे आरोग्यविषयक दिन, भित्तिपत्रके, प्रभातफेऱ्या आणि व्याख्याने यांमागे बहुधा असेच गृहीतक असते. माहिती दिली की माणूस बदलेल. न बदलल्यास दोष त्याचा. आरोग्य मानसशास्त्र या ज्ञानशाखेने गेल्या सात दशकांत या गृहीतकाची कसून तपासणी केली आहे. ‘कळणे’ आणि ‘वळणे’ यांच्यामध्ये जो ‘पण’ येतो, त्यात नेमके काय सामावलेले असते, हा या शाखेचा मध्यवर्ती प्रश्न आहे असे म्हणता येईल.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन क्षयरोगोपचाराच्या आधारे करण्याचा प्रयत्न केला आहे. हे उदाहरण निवडण्यामागे तीन कारणे आहेत. एक, आरोग्यवर्तनाविषयीच्या पहिल्या महत्त्वाच्या सिद्धांताचा उगमच क्षयरोगाच्या तपासणीतून झाला. दोन, या विषयावरील काही मूलगामी संशोधन भारतात, तेही दक्षिण भारतातील गरीब रुग्णांसमवेत झाले. तीन, जगातील एकूण क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. औषध उपलब्ध असूनही ते अखेरपर्यंत घेतले जाणे ही येथे जीवनमरणाची बाब आहे.

आरोग्य मानसशास्त्र : संकल्पना :

१८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. तेव्हापासून दीर्घकाळ आजाराकडे प्रामुख्याने जैविक घटना म्हणून पाहिले गेले. जंतू, शरीर आणि औषध या तीन घटकांत वैद्यकाचा विचार सामावत असे. १९७७ मध्ये जॉर्ज एंगेल यांनी या दृष्टिकोनाच्या मर्यादा दाखवून ‘जैव-मनो-सामाजिक’ प्रारूप मांडले. आजाराचा उद्भव, त्याचा प्रवास आणि त्यातून होणारी सुटका यांत शरीराइतकाच मनाचा आणि समाजाचा वाटा असतो, हे त्याचे सूत्र होय. पुढील वर्षी, म्हणजे १९७८ मध्ये, अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने आरोग्य मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. १९८० मध्ये जोसेफ मॅटराझो यांनी या शाखेची व्याख्या केली. आरोग्याचे संवर्धन, आजाराचा प्रतिबंध व उपचार, आजाराची कारणे आणि आरोग्यव्यवस्थेची सुधारणा या सर्वांत मानसशास्त्राचे जे योगदान असते, ते या व्याख्येत अंतर्भूत होते. येथे आरोग्यव्यवस्थेचाही उल्लेख आहे, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. या शाखेचा विषय केवळ रुग्णाचे मन नव्हे.

आरोग्यवर्तन म्हणजे व्यक्तीने आरोग्य राखण्यासाठी, सुधारण्यासाठी किंवा परत मिळवण्यासाठी केलेली कोणतीही कृती. खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास थुंकीची तपासणी करणे, निदानानंतर औषध सुरू करणे आणि ते पूर्ण करणे ही तिन्ही आरोग्यवर्तनेच आहेत. तथापि, त्यांची कारणे एकच असतील असे मात्र नाही.

आरोग्य-विश्वास प्रारूप :

१९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेला एक कोडे पडले होते. क्षयरोगाच्या तपासणीसाठी क्ष-किरण यंत्रे असलेल्या गाड्या वस्तीपर्यंत जात, तपासणीला पैसे पडत नसत, तरीही अनेक लोक येत नसत. गॉडफ्रे हॉकबॉम यांनी बोस्टन, क्लीव्हलंड आणि डेट्रॉइट या तीन शहरांतील बाराशेहून अधिक प्रौढांचा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष १९५८ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘हा रोग मला होऊ शकतो’ आणि ‘लवकर निदान झाल्यास मला लाभ होईल’ या दोन्ही गोष्टी मानणाऱ्यांपैकी ८२ टक्के लोकांनी स्वेच्छेने तपासणी करून घेतली होती. यांपैकी एकही गोष्ट न मानणाऱ्यांत हे प्रमाण केवळ २१ टक्के होते.

हॉकबॉम, अर्विन रोझनस्टॉक आणि त्यांचे सहकारी यांनी यातून ‘आरोग्य-विश्वास प्रारूप’ विकसित केले. त्यानुसार व्यक्तीची कृती पुढील घटकांवर अवलंबून असते :

१. रोगप्रवणतेची जाणीव : हा रोग मला होऊ शकतो का?
२. गांभीर्याची जाणीव : झाल्यास तो किती घातक ठरेल?
३. लाभाची जाणीव : सुचवलेल्या कृतीने काही साध्य होईल का?
४. अडथळ्यांची जाणीव : त्या कृतीसाठी पैसा, वेळ, त्रास आणि लोकापवाद या रूपाने किती किंमत मोजावी लागेल?
५. कृतीचा संकेत : प्रत्यक्ष पाऊल उचलण्यास प्रवृत्त करणारी एखादी घटना, लक्षण किंवा सूचना.

या प्रारूपाचे महत्त्व असे की, ‘अज्ञान’ या एकाच शब्दाखाली आपण जे लोटून देतो, त्याचे पाच वेगवेगळे प्रश्न करता येतात, हे त्याने दाखवले. एखाद्या तरुणीला क्षयाची पूर्ण माहिती असते आणि उपचाराने तो बरा होतो हेही ती मानते. परंतु ही बाब कळल्यास ठरलेले लग्न मोडेल, अशी भीती तिच्या घरच्यांना वाटते. अशा ठिकाणी आणखी एक माहितीपत्रक देऊन काय साधणार? तिचा अडथळा चौथ्या प्रकारचा आहे. त्यावरचा उपाय गोपनीयतेत आणि कुटुंबाशी होणाऱ्या संवादात शोधावा लागतो.

तुमकूरचा धडा :

अमेरिकेत हा विचार आकाराला येत असताना भारतात वेगळ्या दिशेने, पण त्याच प्रश्नावर काम सुरू होते. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतील डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तत्कालीन म्हैसूर राज्यातील तुमकूर जिल्ह्यात केलेला अभ्यास १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. खेड्यातील लोक अज्ञानी व अंधश्रद्ध असल्याने दवाखान्यात येत नाहीत, ही त्या काळातील शहाण्यांची सर्वसाधारण समजूत होती. प्रत्यक्षात आढळले ते निराळेच. क्ष-किरण तपासणीतून सापडलेल्या बहुसंख्य रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि निम्म्याहून अधिक जण आधीच एखाद्या दवाखान्याची पायरी चढून आलेले होते. तेथे त्यांचे निदान झाले नव्हते. अनेकांची बोळवण खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन करण्यात आली होती.

या निष्कर्षाचा अर्थ गंभीर आहे. येथे रुग्णाला कळलेही होते आणि तो वळलाही होता. वळली नव्हती ती व्यवस्था. १९६२ साली आखलेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने क्षयाचे निदान व उपचार सर्वसाधारण आरोग्यसेवेत, रुग्ण आपणहून जेथे जातो तेथेच उपलब्ध करण्याचे धोरण स्वीकारले. त्यामागे या संशोधनाची दृष्टी होती. आरोग्यवर्तनाचे स्पष्टीकरण करताना व्यक्तीच्या विश्वासांपाशी थांबता येत नाही, हे तुमकूरने शिकवले.

‘बरे वाटणे’ आणि ‘बरे होणे’ :

तपासणीला येणे ही एकदाच करावयाची कृती आहे. उपचार पूर्ण करणे ही मात्र रोज करावयाची कृती आहे. एकेकाळी मिरज, पाचगणी अशा ठिकाणच्या आरोग्यधामांत क्षयरुग्णांना महिनोन्महिने ठेवले जाई. मद्रास येथील केंद्राच्या १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने हे चित्र पालटले. शहरातील १९३ गरीब रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक विभागणी करून एका गटाला घरी, तर दुसऱ्याला आरोग्यधामात वर्षभर तीच औषधे देण्यात आली. आरोग्यधामात आहार व विश्रांती चांगली असूनही दोन्ही गटांचे निष्पन्न जवळपास सारखेच आले. उपचार रुग्णालयातून घरात आला आणि त्याबरोबरच औषध घेण्याची जबाबदारीही घरात आली. या प्रयोगाशी संबंधित वॉलेस फॉक्स यांनी त्याच सुमारास स्वतः औषध घेण्यातील अडचणींचा प्रश्न नेमकेपणाने मांडला होता.

आज औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढील चार महिने तीन औषधे, अशा एकूण १६८ दिवसांच्या मात्रा घ्याव्या लागतात. बहुतेक रुग्णांचा ताप व खोकला पहिल्या काही आठवड्यांत ओसरतो, भूक लागते, वजन वाढू लागते. नेमक्या याच टप्प्यावर औषध सुटण्याचा धोका संभवतो.

हॉवर्ड लेव्हेंथल यांनी मांडलेले ‘सामान्यज्ञानाचे प्रारूप’ येथे उपयोगी पडते. त्यांच्या मते प्रत्येक रुग्ण आपल्या आजाराचे एक चित्र मनात बाळगतो. आजाराची ओळख, कारण, कालावधी, परिणाम आणि नियंत्रण हे त्या चित्राचे पाच पैलू होत. डॉक्टरांच्या दृष्टीने जंतूंचा पूर्ण नायनाट होईपर्यंत आजार असतो; रुग्णाच्या दृष्टीने लक्षणे असेपर्यंतच. सर्दी, ताप, जुलाब यांच्या आजवरच्या अनुभवाने त्याला हेच शिकवलेले असते की, बरे वाटले म्हणजे बरे झाले. तेव्हा औषध थांबवणारा रुग्ण अविवेकी नसतो. तो आपल्या चित्राशी सुसंगतच वागत असतो. बदल घडवायचा तर ते चित्रच त्याच्यासमवेत पुन्हा रेखाटावे लागते.

याचे एक साधे उदाहरण देता येईल. रिफाम्पिसिन या औषधाने लघवीचा रंग नारिंगी होतो. ही बाब निरुपद्रवी आहे. परंतु आधी न सांगितल्यास ‘औषध अंगावर उठले, रक्त जाऊ लागले’ अशी समजूत होऊन रुग्ण गोळ्या बंद करू शकतो. आधी सांगितल्यास तोच रंग औषध शरीरात पोहोचल्याची खूण वाटतो. घटना एकच, पण तिचा अर्थ बदलला की वर्तन बदलते.

हेतू आणि कृती यांतील अंतर :

मार्टिन फिशबाइन व आयझेक आयझेन यांनी १९७५ मध्ये मांडलेला सिद्धांत आयझेन यांनी पुढे ‘नियोजित वर्तनाचा सिद्धांत’ म्हणून विकसित केला. त्यानुसार वर्तनाचा निकटतम पूर्वसूचक म्हणजे हेतू होय. तो हेतू वर्तनाविषयीची अभिवृत्ती, जवळच्या माणसांच्या अपेक्षा आणि ते वर्तन आपल्या आवाक्यात आहे ही जाणीव यांतून घडतो. मात्र हेतू दृढ झाला म्हणजे कृती झालीच असे नाही. थॉमस वेब व पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ४७ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. हेतूत मध्यम ते मोठ्या प्रमाणात बदल घडवला असता वर्तनात केवळ लहान ते मध्यम बदल होतो, असे त्यांना आढळले. आपल्या वाक्प्रचारातील ‘पण’ येथे आकड्यांत मोजला गेला आहे.

हे अंतर कमी कसे करावे? येल विद्यापीठात लेव्हेंथल व सहकाऱ्यांनी केलेला १९६५ चा प्रयोग आजही मार्गदर्शक आहे. विद्यार्थ्यांना धनुर्वाताविषयीची माहितीपत्रके देण्यात आली. काहींची पत्रके भयावह छायाचित्रांनी युक्त, तर काहींची सौम्य होती. भयावह पत्रकांनी लस घेण्याचा मनोदय वाढला, पण केवळ मनोदयच. दोन्ही प्रकारांतील काही विद्यार्थ्यांना मात्र आरोग्यकेंद्राची जागा दाखवणारा नकाशा देऊन, आठवड्याच्या वेळापत्रकात केव्हा जाता येईल हे ठरवण्यास सांगितले होते. त्यांच्यापैकी सुमारे २८ टक्के विद्यार्थ्यांनी लस घेतली. असा नकाशा व सूचना न मिळालेल्यांत हे प्रमाण जेमतेम ३ टक्के होते. भीती कमी असो वा अधिक, कृती घडवली ती ‘केव्हा, कोठे, कसे’ या तपशिलाने. अर्थात तपशील मिळूनही बहुसंख्य विद्यार्थी गेले नाहीत, हेही येथे नोंदवले पाहिजे.

पीटर गोलविट्झर यांनी याच सूत्राला ‘अंमलबजावणीचा हेतू’ असे नाव देऊन ‘जेव्हा अमुक होईल, तेव्हा मी तमुक करीन’ अशा वाक्याचे रूप दिले. ‘मी नियमित गोळ्या घेईन’ हा संकल्प झाला. ‘सकाळी चहाची कपबशी खाली ठेवली की, फडताळातील डब्यातून आजच्या गोळ्या घेईन’ ही योजना झाली. गोलविट्झर व शीरन यांच्या २००६ च्या आढाव्यात ९४ चाचण्यांमधून अशा योजनांचा लक्षणीय परिणाम दिसून आला. पुढे पुनरावृत्तीने योजनेची सवय बनते. लंडनमध्ये फिलिपा लाली व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास साधारण ६६ दिवस लागले. व्यक्तिपरत्वे हा काळ १८ ते २५४ दिवसांपर्यंत होता. आपल्या भाषेत सवयीसाठी ‘अंगवळणी’ हाच शब्द असावा, हे सूचक आहे. ‘वळणे’ ही एकदा घेतलेल्या निर्णयाची नव्हे, तर सरावाची बाब आहे.

स्व-क्षमता आणि संवाद :

‘हे मला जमेल’ या विश्वासाला अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘स्व-क्षमता’ अशी संज्ञा दिली. स्वतःचे छोटे यश, आपल्यासारख्या इतरांचे यश पाहणे, विश्वासातील व्यक्तीने दिलेला धीर आणि स्वतःच्या शारीरिक-भावनिक अवस्थेचा अर्थ हे तिचे चार स्रोत आहेत. उपचार पूर्ण केलेल्या शेजाऱ्याचे दोन शब्द तज्ज्ञाच्या तासाभराच्या व्याख्यानाहून अधिक परिणामकारक का ठरू शकतात, याचे उत्तर दुसऱ्या स्रोतात सापडते.

धीर देण्याची रीतही महत्त्वाची असते. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासमवेत विकसित केलेली ‘प्रेरक मुलाखत’ ही पद्धती व्यक्तीच्या मनातील द्विधावस्था गृहीत धरते. समजा, चार दिवस गोळ्या न घेतलेल्या गृहस्थांकडे आशाताई गेल्या आहेत. ‘मामा, अशाने जिवाला मुकाल, तुम्हाला किती वेळा सांगायचे?’ असे त्या म्हणू शकतात. किंवा, ‘मामा, दोन महिने एकही दिवस चुकला नाहीत. या चार दिवसांत काय अडचण आली?’ असेही विचारू शकतात. पहिल्या वाक्याला मामा बचावाचे उत्तर देतात किंवा मान डोलावून गप्प बसतात. दुसऱ्या वाक्याने, रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्यावर मळमळते आणि सकाळी कामावर निघण्यापूर्वी घरात काही शिजत नाही, ही खरी अडचण बाहेर येण्याची शक्यता असते. अडचण कळली तर तिच्यावर उपायही निघू शकतो.

देखरेख की साहाय्य? :

१९९७ पासून देशात सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम आणि त्याबरोबर ‘डॉट्स’ पद्धती टप्प्याटप्प्याने राबवली गेली. तीत प्रशिक्षित व्यक्तीसमोर औषध घेणे अपेक्षित होते. औषधांचा अखंड पुरवठा, थुंकीची सूक्ष्मदर्शक तपासणी आणि पद्धतशीर नोंदी हेही तिचे घटक होते. त्यामुळे तिच्या यशाचे श्रेय केवळ ‘नजरेसमोर गोळी’ या एका घटकाला देता येत नाही. प्रत्यक्ष देखरेखीखाली औषध घेणे आणि स्वतः घेणे यांची तुलना करणाऱ्या प्रयोगांचा कॉक्रेन आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. देखरेख हा औषधपालनाच्या प्रश्नावरील उपाय ठरल्याचे त्यात दिसून आले नाही. रोजची हजेरी देण्यासाठी रोजंदारी बुडत असेल, तर देखरेखच अडथळा बनू शकते, हे समजण्यास कठीण नाही.

प्रश्न दृष्टिकोनाचा आहे. औषध सोडणाऱ्यास पूर्वी अधिकृत नोंदींतही ‘डिफॉल्टर’, म्हणजे जणू कर्ज बुडवणारा, असे संबोधले जाई. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या सुधारित व्याख्यांत हा शब्द वगळून ‘पाठपुराव्यातून सुटलेला’ अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली. हा बदल केवळ शब्दाचा नव्हे. पहिल्या शब्दात दोष रुग्णाचा आहे. दुसऱ्यात पाठपुरावा करणाऱ्यांचीही जबाबदारी आहे.

क्षमता, संधी आणि प्रेरणा :

सूझन मिकी, मार्टिये व्हान स्ट्रालेन आणि रॉबर्ट वेस्ट यांनी २०११ मध्ये वर्तनबदलाच्या १९ चौकटींचा अभ्यास करून एक सुटसुटीत प्रारूप मांडले. कोणतेही वर्तन घडण्यासाठी क्षमता, संधी आणि प्रेरणा या तिन्ही गोष्टी आवश्यक असतात, असे ते सांगते. क्षमता शारीरिक व मानसिक, संधी भौतिक व सामाजिक, तर प्रेरणा विचारपूर्वक व आपसूक अशी प्रत्येकी दोन प्रकारची असते.

महाराष्ट्राच्या संदर्भात हे प्रारूप लावून पाहू. मराठवाड्यातील एक काल्पनिक, परंतु परिस्थितीस धरून असलेले ऊसतोड दांपत्य घेऊ. पावसाळ्याच्या अखेरीस पत्नीला क्षयाचे निदान होते. गोळ्या सुरू होतात, खोकला थांबतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून घेतलेल्या उचलीपोटी दोघांना ‘कोयत्या’वर साखर कारखान्याच्या परिसरात जावे लागते. तेथे पहाटेपासून तोडणी सुरू होते. औषधासाठी दवाखाना गाठायचा तर एक दिवस जातो आणि कामावर न गेल्यास ‘खाडा’ धरला जातो. पालावर गोळ्यांचे पाकीट दिसले तर आजूबाजूचे काय म्हणतील, ही धास्ती वेगळीच.

तिला रोगाची माहिती आहे, म्हणजे मानसिक क्षमता आहे. मुलांसाठी बरे व्हायचे आहे, म्हणजे विचारपूर्वक प्रेरणाही आहे. जे नाही ते भौतिक आणि सामाजिक संधीच्या सदरात मोडते. तिला औषधाचे महत्त्व सांगणारे व्याख्यान देणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि लेप भलतीकडे, असा प्रकार होय. स्थलांतरापूर्वी पुढील काळाच्या गोळ्या हाती देणे, तिची नोंद कारखान्याजवळच्या आरोग्यकेंद्राकडे वर्ग करणे, तेथील आशाताईंचा दूरध्वनी क्रमांक देणे आणि पतीला उपचार-सहायक म्हणून विश्वासात घेणे हे येथे खरे वर्तनबदलाचे उपाय ठरतात.

संधी बदलल्यास वर्तन बदलते, याचा पुरावा क्षयरोगाबाहेरही मिळतो. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातील १३४ खेड्यांत झालेला बालकांच्या लसीकरणाचा प्रयोग अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केला. नेहमीचीच व्यवस्था असलेल्या खेड्यांत पूर्ण लसीकरण ६ टक्के, नियमित व खात्रीची शिबिरे घेतलेल्या खेड्यांत १८ टक्के, तर शिबिराबरोबर प्रत्येक वेळी किलोभर डाळ आणि लसीकरण पूर्ण झाल्यावर थाळ्या दिलेल्या खेड्यांत ३९ टक्के झाले. येथे पालकांच्या श्रद्धा बदलण्यावर भर नव्हता. सेवा विश्वासार्ह करून तिला छोट्या लाभाची जोड दिली होती.

क्षयरुग्णांच्या बाबतीत पोषणाचा प्रश्न तर उपचाराशी थेट निगडित आहे. ‘निक्षय पोषण योजने’तून २०१८ पासून रुग्णास उपचारकाळात दरमहा ५०० रुपये दिले जाऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये करण्यात आली. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रुग्णांच्या घरातील व्यक्तींना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यात क्षयरोग उद्भवण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. ‘चांगले खा’ हा सल्ला आणि शिध्याची पिशवी यांतील फरक येथे स्पष्ट होतो.

मर्यादा :

या सिद्धांतांच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. त्यांपैकी बरेच सिद्धांत पाश्चात्त्य समाजात आणि पुष्कळदा महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर तपासले गेले आहेत. त्यांत निर्णय घेणारी व्यक्ती स्वतंत्र मानली जाते. आपल्याकडे दवाखान्यात केव्हा जावे, कोणाला सांगावे, पैसा कोठून आणावा हे निर्णय सून, सासू, मुलगा, कर्ता पुरुष यांच्यात विभागलेले असतात. तसेच वर्तनबदलाच्या तंत्रांचा वापर करताना व्यक्तीच्या संमतीचा आणि प्रतिष्ठेचा प्रश्न उपस्थित होतो. सर्वांत मोठा धोका असा की, दारिद्र्य, कोंदट घरे आणि अपुरी आरोग्यसेवा यांचे प्रश्न ‘वर्तना’चे प्रश्न म्हणून रुग्णाच्या माथी मारले जाऊ शकतात. तुमकूरचा अभ्यास या धोक्याविरुद्ध कायमचा इशारा आहे.

प्राध्यापकांच्या दृष्टीने उपयोजन :

१. राष्ट्रीय सेवा योजनेच्या किंवा आरोग्यदिनाच्या उपक्रमाची आखणी करण्यापूर्वी ‘लोकांना काय सांगायचे?’ याऐवजी ‘लोकांना काय अडते?’ हा प्रश्न विद्यार्थ्यांकरवी विचारून घ्यावा. पाच घरांतील संवाद पन्नास घोषणांहून अधिक शिकवतो.
२. भीती दाखवणाऱ्या भित्तिपत्रकावर निदान तपासणीचे ठिकाण, वार व वेळ यांचा स्पष्ट उल्लेख असावा.
३. दीर्घ उपचार घेणारा विद्यार्थी वर्गात असल्यास हजेरी, प्रात्यक्षिके आणि परीक्षा यांबाबत गोपनीयता राखून सवलत द्यावी. परिणामकारक औषधोपचार सुरू झाल्यावर सामान्यतः संसर्गाचा धोका झपाट्याने घटतो. तेव्हा वैद्यकीय सल्ल्यानुसार महाविद्यालयात परतलेल्या विद्यार्थ्याला दूर बसवणे शास्त्रीयदृष्ट्या असमर्थनीय आहे. त्याच्या उपचारातील ‘सामाजिक संधी’ आपणच असतो.
४. मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि जीवशास्त्र या विभागांनी अशा प्रश्नांवर संयुक्त प्रकल्प हाती घ्यावेत. आरोग्यवर्तन हा कोणत्याही एका विषयाच्या कुंपणात मावणारा विषय नाही.

समारोप :

आरोग्यवर्तनाचे स्पष्टीकरण व्यक्तीच्या विश्वासांपासून सुरू होते. आजाराविषयीचे तिचे आकलन, हेतू, योजना, सवय व स्व-क्षमता या मार्गाने पुढे सरकते आणि अखेरीस तिच्या भोवतीच्या संधींपर्यंत पोहोचते. वर्तनबदलाचा उपायही अडथळा ज्या पायरीवर असेल त्याच पायरीवर योजावा लागतो. समजुतीचा अडथळा संवादाने दूर होईल, विसरण्याचा अडथळा योजनेने, खचलेल्या मनाचा अडथळा सोबतीने; परंतु बुडणाऱ्या रोजंदारीचा अडथळा उपदेशाने दूर होणार नाही.

यापुढे एखाद्याविषयी ‘कळते पण वळत नाही’ असे म्हणण्याची वेळ आली, तर वाक्य पूर्ण करण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहावे. वळण्यासाठी त्याच्यासमोर रस्ता आहे का, हा प्रश्न आधी विचारावयास हवा. आरोग्य मानसशास्त्राचे सार या एका प्रश्नात सामावले आहे.